आयसोलेटर ऑफ केल्यावर पॅनलमध्ये काय लाइव्ह राहतं?

भोसरीत स्पेशल पर्पज मशीन बनवणाऱ्या एका तरुण उद्योजकाने आयसोलेटरबद्दल, म्हणजे पॅनलचा सप्लाय तोडणाऱ्या मेन स्विचबद्दल, विचारलं आहे: "पॅनल १८०० मिमी उंच, ८०० रुंद, ४०० खोल, एका दाराचं. आत २२ किलोवॅटच्या हायड्रॉलिक मोटरचा स्टार्टर, दोन सर्व्हो ड्राइव्ह, पीएलसी आणि बाकी किरकोळ. मशीन चाकणला जाणार, तिथे केबल ट्रेंचमधून, म्हणजे खालून येते. वायरमन म्हणतो, केबल खालून येतेय तर मेन आयसोलेटरही खालीच बसवू, उगाच वर कशाला न्यायची. फॅब्रिकेटर म्हणतो, हँडल साइडच्या पत्र्यावर घ्या, दाराची कटकट नको. कस्टमरचा सेफ्टी ऑफिसर म्हणतो, दारावरच पाहिजे. कोणाचं ऐकू?"

उत्तर आधी सांगतो. आयसोलेटर माउंटिंग प्लेटवर उजवीकडे वरच्या भागात बसवा. दाराची बिजागरी डावीकडे आणि कुलूप उजवीकडे ठेवा. हँडल दारावर, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येऊ द्या. केबल उजव्या कडेने, झाकण असलेल्या स्वतंत्र गल्लीतून वर न्या. तुमच्या पॅनलला हे बसतं. पण पुढचं पॅनल वेगळं असेल, म्हणून यामागचा विचारही सांगतो.

बहुतेक लोक आयसोलेटरची जागा लेआउट संपल्यावर, उरलेल्या जागेत शोधतात. ड्राइव्ह बसले, कॉन्टॅक्टर बसले, डक्ट लागल्या, आता मेन स्विच कुठे कोंबू? हा क्रम उलटा आहे. हँडल ऑफ केलं, कुलूप घातलं, तरी आयसोलेटरच्या लाइन बाजूपर्यंतचं, म्हणजे सप्लाय येतो त्या बाजूपर्यंतचं, सगळं लाइव्ह असतं. ग्लँड प्लेटपासून (केबल आत शिरते तो पत्रा) त्या टर्मिनलपर्यंतचा तेवढा तुकडा मेंटेनन्सवाल्याच्या हाताजवळ कायम जिवंत राहणार. तो किती लांब, कुठून जाणार, त्यावर काय झाकण, हे आयसोलेटरच्या जागेने ठरतं. म्हणून कोऱ्या प्लेटवर पहिली खूण आयसोलेटरची करायची. ड्राइव्ह त्यानंतर.

या हिशेबाने तुमचा वायरमन निम्मा बरोबर आहे. खाली बसवला तर लाइव्ह तुकडा सगळ्यात लहान. अडचण माणसाच्या हाताची आहे. मशीनच्या इलेक्ट्रिकल सामानाचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०२०४-१, ते म्हणतं की सप्लाय तोडणाऱ्या उपकरणाचं हँडल ०.६ ते १.९ मीटरच्या दरम्यान हवं, आणि वरची मर्यादा १.७ मीटर ठेवली तर बरं. ग्लँड प्लेटच्या लगेच वर आयसोलेटर बसवला तर हँडल गुडघ्याच्या आसपास येतं. वाकल्याशिवाय दिसत नाही, समोर पॅलेट ठेवलं की सापडत नाही, आणि हँड पॅलेट ट्रकचा पहिला धक्का त्यालाच बसतो.

ही उंची मोजताना एक गोष्ट नेहमी निसटते. ती पॅनलच्या तळापासून मोजायची नसते, माणूस जिथे उभा राहून काम करणार तिथून मोजायची असते. कारखान्यात पॅनल १०० मिमीच्या बेसवर उभं असतं, तेवढं लक्षात राहतं. पण साइटवर तेच पॅनल मशीनच्या बेडवर किंवा स्ट्रक्चरवर चढवलं की दीड मीटरचं हँडल सव्वादोन मीटरवर जातं आणि ऑपरेटर टूलबॉक्सवर चढून ते फिरवतो. उलटंही होतं: मशीनभोवती चेकर्ड प्लेटचा प्लॅटफॉर्म नंतर बांधतात आणि हँडल कमरेखाली येतं. म्हणून कस्टमरकडून मशीनचा जीए ड्रॉइंग (एकंदर मांडणीचा नकाशा) मागवा आणि त्यावर हँडलची उंची लिहून मंजूर करून घ्या.

आता केबल. शंभर अँपिअरच्या आयसोलेटरला आपल्याकडे बहुधा ३५ किंवा ५० चौरस मिमीची साडेतीन कोअर ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल येते. ती हट्टी असते. ग्लँडमधून वर आल्यावर कोअर (आतल्या तारा) फाकवायला, लग (तारेच्या टोकाला बसणारं धातूचं टोपण) दाबायला, वळवायला जागा लागते, आणि ती जागा ड्रॉइंगवर दिसत नाही. आर्मर ग्लँडवर संपवा, पण आतलं शीथ (कोअरवरचं आवरण) तसंच वरपर्यंत न्या आणि कोअर आयसोलेटरच्या जवळ आल्यावरच मोकळे करा. मग उजव्या कडेच्या त्या सव्वा मीटरच्या प्रवासात हाताला लागेल ते शीथ, नुसता कोअर नाही. वाटेत दोन ठिकाणी क्लॅम्प मारा. केबलचं वजन आयसोलेटरच्या टर्मिनलवर लोंबकळत ठेवलं तर थोड्या महिन्यांत लग ढिला होतो, मग तापतो. ॲल्युमिनियम केबल आणि तांब्याचं टर्मिनल म्हटल्यावर बायमेटॅलिक लग वापरा, तिथे काटकसर नको. गल्लीवर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं झाकण लावा, स्क्रूने बसणारं, आणि त्यावर पिवळा-काळा इशारा: मेन स्विच बंद असतानाही आत सप्लाय आहे. मराठीतून लिहा. इंग्रजी स्टिकर सगळेच लावतात आणि वाचणारा कमी असतो.

केबल खालून आली म्हणून ती आयसोलेटरच्या खालच्या टर्मिनलवर जोडायची का? कित्येक स्विच-डिस्कनेक्टरना (म्हणजे आयसोलेटरना) खालून फीड चालतं. कॅटलॉगमध्ये तसं लिहिलेलं असेल तर जरूर जोडा, अर्ध्या फुटाचं वळण वाचतं. पण ज्या एमसीसीबीवर (मोठ्या सर्किट ब्रेकरवर) 'लाइन' आणि 'लोड' छापलेलं आहे तिला उलटं जोडू नका. आणि स्विच-फ्यूज युनिट असेल तर जास्त जपा. ज्या युनिटमध्ये फ्यूजच्या एकाच बाजूला कॉन्टॅक्ट तुटतो, तिथे फीड उलट्या बाजूने दिलं तर हँडल ऑफ असतानाही फ्यूज लाइव्ह राहतात. फ्यूज बदलायला हात घालणाऱ्याला हे कुठून कळणार? फ्यूजच्या दोन्ही बाजूंना तुटणारे, डबल ब्रेक प्रकारचे युनिट घेतले की हा प्रश्न मिटतो.

दारावर की साइडला, यात मी सेफ्टी ऑफिसरच्या बाजूने आहे. फॅब्रिकेटरला दाराचा कंटाळा का येतो ते मला माहीत आहे. ४०० खोल पॅनलमध्ये शाफ्ट लांब होतो, त्याचं टोक झुकतं, दार सहा महिन्यांत दोन मिमी खाली बसतं, आणि मग हँडल शाफ्टला धरत नाही. माणूस दार खांद्याने वर उचलून हँडल फिरवतो. यावर साधे उपाय आहेत. शाफ्टला सपोर्ट ब्रॅकेट द्या, किंवा आयसोलेटर वेगळ्या ब्रॅकेटवर पुढे आणून शाफ्टच आखूड करा. दाराला दोनऐवजी तीन बिजागऱ्या घ्या. आणि हँडल कुलपाच्या बाजूला ठेवा. बिजागरीजवळचं हँडल दार उघडताना लहान वर्तुळात फिरतं, त्यामुळे शाफ्टवरून सुटताना तिरकं खेचलं जातं आणि अडकतं. कुलपाच्या बाजूला ते जवळपास सरळ बाहेर येतं.

साइडचं हँडल तुमच्या शेडमध्ये छान दिसेल. चाकणला ते पॅनल खांबाला किंवा दुसऱ्या पॅनलला चिकटवून उभं केलं की संपलं. त्यात पुन्हा साइडच्या हँडलला दाराचं इंटरलॉक आपोआप मिळत नाही, ते वेगळं करावं लागतं. तशी तयार यंत्रणा मिळते, महाग पडते.

इंटरलॉकचा अर्थही नीट समजून घ्या. मानकाप्रमाणे दार उघडण्याचे तीन मार्ग आहेत: किल्ली किंवा हत्यार वापरून प्रशिक्षित माणसाने उघडायचं, किंवा सप्लाय तोडल्याशिवाय दार उघडणारच नाही अशी रचना, किंवा आतलं सगळंच बोट लागणार नाही असं, आयपी २एक्स झाकलेलं. दारावरचं हँडल दुसरा मार्ग देतं. पण मार्ग कोणताही असो, आयसोलेटरची लाइन टर्मिनल दार उघडल्यावर लाइव्हच असतात, त्यामुळे त्यांच्यावर टर्मिनल श्राउड, म्हणजे झाकण, पाहिजेच. श्राउड बहुतेक वेळा डब्यात येतो किंवा वेगळा मागवावा लागतो, आणि तो पॅनलमध्ये न लागता स्टोअरच्या खणात पडून असतो. पुढे कधी दोन दारांचं पॅनल केलंत तर हँडल त्या दारावर ठेवा जे आधी उघडतं आणि दुसऱ्याला दाबून धरतं. दुसरं दार आतल्या बोल्टने बंद करा. नाहीतर हँडलवालं दार इंटरलॉक असतं आणि शेजारचं दार चालू सप्लायवर सताड उघडतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो त्यावर येतो. तळवड्याच्या एका शेडमध्ये गुरुवारी, म्हणजे आपल्या पट्ट्यातल्या सुट्टीच्या दिवशी, कामाला गेलो होतो. आयसोलेटर ऑफ, हँडलला कुलूप, दार उघडं. दारावरचे तीन इंडिकेटर, लाल, पिवळा, निळा, तिन्ही पेटलेले. तिथल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "ते कायमच चालू असतात, सर." मी तारा मागे तपासत गेलो. आयसोलेटरच्या लाइन बाजूच्या लगखालीच एक चौरस मिमीच्या तीन काळ्या तारा दाबलेल्या होत्या. मध्ये फ्यूज नाही. तिथून त्या २४ व्होल्टच्या तारांबरोबर एकाच स्पायरलमधून दारावर गेलेल्या, आणि बिजागरीजवळ दार उघडमिटीत इन्सुलेशन घासून तांबं दिसायला लागलेलं. दार लाइव्ह व्हायला एवढंच बाकी होतं.

आपल्याकडच्या पॅनलमध्ये हे सर्रास दिसतं. 'सप्लाय आलाय का ते कळलं पाहिजे' म्हणून आरवायबी दिवे, कधी व्होल्टमीटर किंवा मल्टिफंक्शन मीटरही, आयसोलेटरच्या आधीच जोडतात. आयसोलेटर कितीही चांगल्या जागी बसवा, या तीन तारांनी लाइव्ह तुकडा पार दारापर्यंत नेऊन ठेवला. दिवे लोड बाजूने, म्हणजे आयसोलेटरच्या पुढून, घ्या. कस्टमर हट्ट धरून बसला की लाइन बाजूचाच सप्लाय दिसला पाहिजे, तर टॅपिंगच्या अगदी जवळ फ्यूज, स्वतंत्र कंड्युट, नारंगी तार आणि झाकलेली टर्मिनल, एवढं करूनच द्या. आणि दिवा विझला म्हणजे सप्लाय गेला असं कुणीही धरू नये. फ्यूज उडाला तरी दिवा विझतो. टेस्टर किंवा मीटर आधी चालू सप्लायवर तपासायचं, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू सप्लायवर. त्यानंतर हात.

आयसोलेटरच्या आधीपासून सप्लाय घ्यायला मानकात काही सर्किटांना मुभा आहे: मेंटेनन्ससाठी लागणारा पॅनलमधला दिवा, हत्यारांसाठीचा सॉकेट, सतत चालू राहावे लागणारे हीटर वगैरे. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये शटडाऊनला बंद पडलेल्या पॅनलमध्ये पाणी सुटतं, म्हणून स्पेस हीटर चालू ठेवायचा असतो. त्याला विरोध नाही. फक्त त्याला स्वतःचा वेगळा स्विच द्या, त्याच्या तारा नारंगी घ्या, बाकी तारांपासून अलग न्या, आणि हे सर्किट मेन स्विचने बंद होत नाही असा फलक लावा. नारंगी रंग पाहिल्यावर मेंटेनन्सवाल्याला लगेच कळलं पाहिजे की ही तार हँडलला जुमानत नाही. शेजारच्या पॅनलमधून येणाऱ्या इंटरलॉकच्या तारांना, म्हणजे कन्व्हेअर रेडी, लोडर रेडी असल्या २३० व्होल्टच्या सिग्नलना, हेच लागू आहे. त्या तुमच्या आयसोलेटरने मरत नाहीत. जमलं तर हे सिग्नल २४ व्होल्टवर किंवा रिलेच्या कोऱ्या (स्वतःचा सप्लाय नसलेल्या) कॉन्टॅक्टमधून घ्या.

ड्राइव्हचंही तसंच. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर (आतल्या डीसी सप्लायवर) साधारण ५८५ व्होल्ट असतात आणि आयसोलेटर तुटल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात. सप्लाय तोडल्यापासून ५ सेकंदांत ६० व्होल्टच्या खाली येत नसेल तर तसा इशारा आणि थांबायची वेळ लिहायला हवी. ड्राइव्हच्या अंगावर ती छापलेली असते, पण दारावरही लिहा, कारण दार उघडण्याआधी वाचायची गोष्ट दाराच्या आत लिहून उपयोग नाही.

जागा ठरली तरी आयसोलेटर कुठला, हे उरतं, कारण स्वस्तातला आयसोलेटर योग्य जागी बसवून काही साधत नाही. तुमचा हिशेब करू. २२ किलोवॅटची मोटर ४१५ व्होल्टवर सुमारे ४० अँपिअर घेते. ती जाम झाली तर सातपट धरा, २८० अँपिअर. सर्व्हो आणि बाकीचे मिळून ३०. म्हणजे सगळ्यात मोठी मोटर जाम आणि बाकी सगळं चालू, अशा वेळी आयसोलेटरला ३१० अँपिअर तोडता आले पाहिजेत. मानकाची अट हीच आहे. १०० अँपिअरचा आयसोलेटर एसी-२१ वर्गाचा असेल तर तो दीडपट तोडतो, म्हणजे १५०. एसी-२२ तिप्पट, ३००, तोही थोडक्यात कमी पडला. एसी-२३ आठपट, ८००. मोटरच्या मशीनला एसी-२३ घ्या. खरेदी करताना फसगत अशी होते की डब्यावर मोठ्या अक्षरात १०० अँपिअर असतं ते एसी-२१ चं. एसी-२३ ला तोच स्विच कितीतरी कमी रेटिंगचा निघू शकतो. बाजूची बारीक पट्टी वाचा. एमसीसीबी वापरणार असाल तर तिच्यावर आयसोलेशनला योग्य असल्याचं चिन्ह आहे का पाहा: ब्रेकरच्या चिन्हात कॉन्टॅक्टवर एक आडवी रेघ असते. नुसती ट्रिप होते म्हणून ती आयसोलेटर ठरत नाही.

आयसोलेटर वर बसवला की उष्णतेचाही विचार येतो. पॅनलमधली सगळी गरम हवा वर जमते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ती आधीच गरम असते. त्यामुळे ड्राइव्हचा पंखा किंवा ब्रेक रेझिस्टर आयसोलेटरच्या बरोबर खाली येऊ देऊ नका. ड्राइव्ह डावीकडच्या रांगेत ठेवा.

हँडलचा रंग काळा की लाल-पिवळा? आपल्याकडे दुकानात जो असेल तो लावतात. लाल हँडल, पिवळी पाठ याचा अर्थ ते इमर्जन्सी स्टॉप म्हणूनही वापरता येतं. मग ते ऑपरेटरच्या हाताशी हवं, आणि सप्लाय एकदम तोडल्याने मशीन सुरक्षित थांबलं पाहिजे. तुमच्या सर्व्होपैकी एखादा अक्ष उभा असेल आणि ब्रेक वेळेवर लागला नाही, तर एकदम सप्लाय तोडल्यावर तो खाली येईल. म्हणून तुम्हाला काळं किंवा करडं हँडल. इमर्जन्सी स्टॉपचं बटण वेगळं, आणि ते दाबलं म्हणजे पॅनल आयसोलेट झालं असं मानायचं नाही. ऑफला कुलूप लागायलाच हवं, आणि ठेकेदाराची माणसंही काम करणार असतील तर एकाहून जास्त कुलपं मावतील असं हँडल निवडा.

न्यूट्रल शक्यतो मशीनमध्ये घेऊच नका. कंट्रोलसाठी ४१५ वरून ट्रान्सफॉर्मर लावा. घेतलाच तर तो ड्रॉइंगवर स्पष्ट दाखवा, त्याला वेगळं टर्मिनल द्या, पॅनलमध्ये अर्थला जोडू नका. आणि आयसोलेटर चार पोलचा घेताना न्यूट्रल आधी जुळणारा आणि शेवटी तुटणारा घ्या. फेज चालू असताना न्यूट्रल एकटा सुटला तर सिंगल फेजच्या सामानावर भलताच व्होल्टेज चढतो.

पॅनल कुठे उभं राहणार हे कस्टमरला लेखी कळवा. स्विचबोर्डसमोर किमान १ मीटर मोकळी जागा हवी, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम सांगतात. मागच्या बाजूला उघडी जोडणी असेल तर ती जागा २० सेंमीपेक्षा कमी तरी ठेवा, नाहीतर ७५ सेंमीपेक्षा जास्त. मधलं माप नको, कारण तेवढ्यात माणूस शिरतो आणि अडकतो.

हायड्रॉलिक पॉवर पॅक पॅनलपासून लांब, भिंतीपलीकडे असेल तर मोटरजवळ लोकल आयसोलेटर द्या, त्यालाही कुलपाची सोय हवी. ही मोटर स्टार्टरवर आहे म्हणून काम सोपं आहे. पुढे तिथे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावलात तर लोकल आयसोलेटरमध्ये मुख्य कॉन्टॅक्टच्या आधी तुटणारा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट घ्या आणि तो ड्राइव्हच्या एनेबलमध्ये टाका, म्हणजे ड्राइव्ह आधी थांबेल आणि मग तार तुटेल. सर्व्हो आणि त्याच्या मोटरच्या मध्ये मात्र आयसोलेटर घालू नका. तिथे थांबवण्यासाठी ड्राइव्हचं सेफ टॉर्क ऑफ (मोटरची ताकद काढून घेणारी सोय) आहे, पण त्याने व्होल्टेज जात नाही, म्हणून मोटरच्या तारांना हात लावायचा तर मेन आयसोलेटर ऑफ करून कुलूप, आणि डीसी बस उतरेपर्यंत थांबणं.

राहिली एक गोष्ट. हेच मशीन पुढे अमेरिकेला पाठवायचं असेल तर दारावरचं साधं हँडल तिथे चालणार नाही. तिकडच्या एनएफपीए ७९ या मशीनच्या इलेक्ट्रिकल मानकामध्ये दार उघडं असतानाही, वेगळं हत्यार न लावता, प्रशिक्षित माणसाला स्विच चालू-बंद करता आला पाहिजे अशी अट आहे. आपल्या हँडलमध्ये दार उघडलं की आत नुसता शाफ्ट उरतो आणि लोक तो पकडीने फिरवतात. त्यासाठी आत शाफ्टवर कायम बसणारं दुसरं हँडल घ्यावं लागतं, किंवा कॅबिनेटच्या उजव्या फ्लँजवर बसणारी यंत्रणा. दुसरा पर्याय निवडला तर पत्र्याचं ड्रॉइंगच बदलतं, त्यामुळे ऑर्डर घेताना मशीन कुठल्या देशात जाणार हे फॅब्रिकेटरच्या आधी विचारून घ्या.